चर्चच्या आवारातली मराठी शाळा बंद करायची तर आधी गावाला विचारा

वसईत गेल्या काही वर्षांत एकेका धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती गावाचे, मोठे सोहळे झाले आणि ते व्हायलाच पाहिजेत, कारण आमची चर्चेस खरंच जुनी आहेत. सांडोरचं संत थॉमस चर्च १५६६ चं, नंदाखालचं पवित्र आत्मा चर्च १५७३ चं, म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीपासून या गावांत घंटा वाजतेय. सोहळा म्हटला की रंगरंगोटी, लायटिंग, बिशपांची मिस्सा म्हणजे मोठी उपासना, गावजेवण आणि जाडजूड स्मरणिका. पण ती स्मरणिका हातात घेऊन जरा चाळून बघा, वेदीचं वर्णन आहे, कुठल्या फादरने छप्पर बदललं ते आहे, घंटा कुठून आली ते आहे, आणि त्याच आवारात उभी असलेली शाळा एखाद्या पानात आटपलेली असते, मुख्याध्यापकांची नावं, दहावीच्या रिझल्टची टक्केवारी, एक ग्रुप फोटो, झालं. आणि ज्या वर्षी ही स्मरणिका छापली जाते त्याच वर्षी त्या शाळेत पहिलीचा मराठी वर्ग भरायला पुरेशी मुलं नसतात, त्याबद्दल एक ओळ नसते.

मला हे नीट, सरळ मांडायचंय. आमच्या धर्मग्रामांच्या मराठी शाळा एकेक करून विझत चालल्यात, कुणी जाहीर करत नाही, कुणी ठराव करत नाही, नुसतं वर्षागणिक एकेक वर्ग कमी होतो आणि एक दिवस कळतं की आता फक्त इंग्लिश मीडियम राहिलंय. माझं म्हणणं एवढंच की हा निर्णय मॅनेजमेंटच्या खोलीत व्हायचा निर्णय नाही, तो अख्ख्या धर्मग्रामाचा आहे. आणि धर्मग्रामाने नीट विचार केला तर बहुतेक ठिकाणी ही शाळा वाचू शकते.

आधी थोडा इतिहास, कारण इतिहास माहीत नसला की शाळा म्हणजे चर्चला नंतर जोडलेली एक खोली असं वाटायला लागतं. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, मागोमाग मिशनरी आले, फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, हे दोन्ही कॅथलिक धर्मगुरूंचे संघ. त्या काळात सक्ती झाली, देवळं पाडली गेली, हे आपण ख्रिस्ती लोकांनी नाकारायचं काही कारण नाही, उलट आपल्याच स्मरणिकांमध्ये ते लिहिलं गेलं पाहिजे. पण त्याच काळात चर्चशेजारी मुलांना प्रार्थना, वाचन, लिहिणं, संगीत शिकवायची पद्धतही रुजली. वसईचा संत गोन्सालो गार्सिया आपण सगळे जाणतो, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला, १८६२ मध्ये संत घोषित झाला. पण तो कोण होता? वसई किल्ल्यात जेझुइट पाद्रींच्या हाताखाली शिकलेला एक पोरगा, बाप पोर्तुगीज, आई इथलीच, जेमतेम पंधराएक वर्षांचा असताना जपानला गेला आणि तिथली भाषा इतकी चांगली शिकला की पुढे फिलिपिन्समधून जपानच्या सत्ताधीशाकडे, हिदेयोशीकडे, जे फ्रान्सिस्कन गेले त्यांचा दुभाषी तोच होता. आम्ही त्याची मिरवणूक काढतो, त्याच्या नावाने नोव्हेना करतो, पण त्या पोराला कुणीतरी बसवून शिकवलं होतं आणि ज्या लोकांत गेला त्यांची भाषा त्याने मनापासून आपली केली, ही गोष्ट प्रवचनात फारशी येत नाही.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. चर्चच्या घंटा हत्तीवरून घाटावर गेल्या असं आपल्याकडे सांगतात, आणि मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही बघायला मिळतात. युरोपियन पाद्री निघून गेले. आणि तरी ही गावं ख्रिस्ती राहिली, ती कुणाच्या जोरावर? देशी धर्मगुरूंच्या आणि गावातल्याच जाणत्या माणसांच्या, ज्यांना प्रार्थना येत होत्या, जी पोरांना जमवून त्या शिकवत होती. राज्य गेलं, पैसा गेला, संरक्षण गेलं आणि टिकलं ते शिकवणं. नंतर पेशवे गेले, इंग्रज आले, पाद्रोआदो आणि प्रोपागांडाची, म्हणजे इथल्या चर्चवर हुकूम पोर्तुगालच्या राजाचा की थेट रोमचा, यावरून भांडणं झाली, १८८६ मध्ये दमणचा धर्मप्रांत म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश झाला, १९२८ मध्ये तो मोडून आम्ही मुंबईला जोडले गेलो, १९९८ मध्ये वसईचा स्वतःचा धर्मप्रांत झाला. वरचे मालक इतके बदलले, खाली गावात चर्च आणि शाळा तिथंच होती.

आता ज्या शाळा आपण बघतो, त्या मुख्यतः स्वातंत्र्याच्या आगेमागे वाढल्या. गावात हायस्कूल नव्हतं, पुढे शिकायचं तर लांब चालत जायचं, मुलींना तर कुणी पाठवायचंच नाही. जुनी माणसं अजून सांगतात की बांधकामाला कुणी रेती दिली, कुणी वाडीतली झाडं दिली, ज्याच्याकडे द्यायला काही नव्हतं त्याने अंगमेहनत केली, आणि केळीच्या लोंगरामागे, पानाच्या करंडीमागे शाळेसाठी बाजूला काढायचे. कोनशिलेवर बिशपांचं नाव आहे, फादरांचं नाव आहे, या लोकांचं नाही, कारण तेव्हा कुणाला वाटलंच नसेल की पुढे कधी विचारावं लागेल ही शाळा कुणाची.

एका शाळेचं जुनं जनरल रजिस्टर मी नीट बसून बघितलंय. कापडी बांधणी, पानं पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या, निळ्या शाईतलं वळणदार अक्षर. त्यात शेवटचा एक रकाना असतो, शाळा सोडल्याचं कारण. तो रकाना वरून खाली वाचत जा, गावाचा आर्थिक इतिहास त्यात आहे. "वाडीत काम." "वडील वारले." "घरकाम." "लग्न." पानंच्या पानं असं चालतं, मुलींच्या नावासमोर तर चौथीच्या पुढे काही नाहीच, आणि मग काही वर्षांनंतरच्या पानांवर हळूहळू "पुढील शिक्षणासाठी" असं यायला लागतं, आधी एखादं, मग दोन, मग पानभर. वसईतल्या कुपारी, वाडवळ, कोळी या ख्रिस्ती समाजांच्या घरांतून शिक्षक, नर्स, बँकेतले क्लार्क, इंजिनिअर, धर्मगुरू, सिस्टर कसे तयार झाले ते या एका रकान्यात दिसतं. आणि असं रजिस्टर कुठल्या तरी कपाटात सडतंय, त्याचं स्कॅनिंग करायला कुणाला सुचत नाही, बाप्तिस्म्याची रजिस्टरं मात्र कुलूपबंद जपली जातात. दोन्ही जपली पाहिजेत. बाप्तिस्म्याचं रजिस्टर सांगतं माणूस जन्मला, शाळेचं रजिस्टर सांगतं त्याचं पुढे काय झालं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचंच घ्या. नंदाखालचे, नंदाखालच्याच संत जोसेफ मराठी हायस्कूलमध्ये शिकले. धर्मगुरू झाले, 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं चालवलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या जागेवर बसलेले पहिले ख्रिस्ती. तेव्हा त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमकीचे फोन झाले, आणि आम्ही सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं की आम्ही मराठीच आहोत, मराठी आमची आईची भाषा आहे. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हाही हेच बोललो. मग मला सांगा, पुढचा दिब्रिटो कुठल्या शाळेतून येणारेय? छाती ठोकायची आणि ज्या शाळेने ते घडवलं तिची पटसंख्या बघायची नाही, हे कसं चालेल.

आता शाळा मरते कशी ते नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक पालकांना वाटतं की "मुलंच येत नाहीत, काय करणार" आणि विषय तिथंच संपतो. मुलं येत नाहीत हे खरं, पण त्याच्या आधी काय काय झालेलं असतं? सुरुवात बालवाडीपासून होते. आवारात इंग्लिशचं नर्सरी-केजी सुरू होतं, रंगीत भिंती, नवे बेंच, युनिफॉर्म, आणि मराठी बालवाडी एकतर नसतेच किंवा मागच्या खोलीत. तीन वर्षांचं पोर ज्या दारातून आत जातं तिथूनच ते पुढे जाणार, पहिलीत त्याला कुणी उचलून मराठीत आणून बसवत नाही. म्हणजे मराठी पहिलीचा पट पहिलीत कमी होत नाही, तो तीन वर्षं आधीच ठरलेला असतो. मग येते संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची सरकारी मंजुरी. मराठी वर्ग अनुदानित, शिक्षकांचे पगार सरकार देतं, पण किती शिक्षक ते पटावर ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे पाच वर्ग आणि दोन माणसं. वर १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय आला, त्यात वरच्या वर्गांत पट २० च्या खाली गेला तर शिक्षकाचं पदच मंजूर नाही अशी तरतूद आली, राज्यभर शिक्षकांनी त्याविरुद्ध ओरड केली. पद गेलं की शिक्षक अतिरिक्त ठरतो, कुणी रिटायर झालं की जागा भरली जात नाही, गणिताला सर नाहीत म्हणून पालक अजून दोन मुलं काढतात, पट अजून घसरतो. हे एकदा सुरू झालं की थांबवायला बाहेरून कुणीतरी हात घालावा लागतो. आणि तो हात घालण्याची ताकद ज्याच्याकडे आहे, जागा आहे, माणसं आहेत, दर रविवारी अख्खं गाव समोर बसलेलं आहे, ते चर्च काहीच बोलत नाही.

काही जण म्हणतील की सगळं चर्चवर ढकलू नका, पालकांनाच इंग्लिश पाहिजे. बरोबर आहे, पाहिजे, आणि मी त्या पालकांना दोष देणार नाही. ज्या बापाने इंटरव्ह्यूमध्ये इंग्लिश येत नाही म्हणून मान खाली घातली असेल त्याला तुम्ही मातृभाषेवर भाषण देऊ नका, तो ऐकणार नाही आणि त्याने ऐकूही नये. पण त्याला हवंय काय? त्याला हवंय की पोराला फाडफाड इंग्लिश बोलता यावं. ते इंग्लिश विषय चांगला शिकवूनही येतं. महाराष्ट्रात सेमी-इंग्लिशचा मार्ग आहे, गणित आणि सायन्स इंग्लिशमधून, बाकी मराठीतून, आणि या मार्गाने शिकलेली मुलं डॉक्टर-इंजिनिअर होतायत हे आपल्याच घरांत आपण बघतोय. पण त्यासाठी पहिलीपासून इंग्लिश बोलणारा एक चांगला शिक्षक मराठी वर्गाला द्यावा लागतो. आवारात इंग्लिश शाळेचे शिक्षक आहेतच की, शेजारच्या इमारतीत. दोन शाळा, एक मैदान, एक मॅनेजमेंट, आणि मधे एक भिंत असल्यासारखं वागायचं, असं का?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बोलायला आपल्याला अवघड जातं. आज आमच्या मराठी वर्गांत बसतं कोण? गावातल्या बऱ्यापैकी खाऊन-पिऊन सुखी घरातली मुलं केव्हाच इंग्लिशला गेली. राहिलीत ती पाड्यावरची आदिवासी मुलं, वाडीत नि बांधकामावर राबणाऱ्यांची मुलं, घरकाम करणाऱ्या बायांची मुलं. इंग्लिश सेक्शनची फी त्यांना परवडत नाही. आणि कायद्याने त्यांना तिथं जागाही नाही, कारण २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं, त्यामुळे इतर खासगी शाळांना गरीब मुलांसाठी ज्या २५ टक्के जागा ठेवाव्या लागतात त्या आपल्याला ठेवाव्या लागत नाहीत. म्हणजे हिशेब बघा, मराठी वर्ग बंद झाला की या मुलांसाठी चर्चच्या आवाराचं गेटच बंद झालं. दर वर्षी चाळिसाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात आपण गरिबांसाठी दान काढतो, पाकिटं वाटतो, आणि जिथं गरीब पोर रोज सकाळी आपणहून चालत येतं ती जागा आपण हळूहळू बंद करत आणतोय. मराठी शाळेचा प्रश्न मला भाषेच्या अभिमानाइतकाच, खरं तर त्याहून जास्त, या मुलांचा वाटतो.

घटनेचं ३० वं कलम आपल्याला आपल्या आवडीच्या शैक्षणिक संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. हा हक्क मौल्यवान आहे, त्यावर कुणी घाला घातला तर मी पहिला उभा राहीन. पण हा हक्क समाजाला आहे, अल्पसंख्याक समाजाला. तो समाज म्हणजे फक्त ट्रस्ट आणि फादर-सिस्टर नव्हेत, तो समाज म्हणजे ज्यांच्या आजोबांनी रेती वाहिली ते सगळे. हक्क समाजाच्या नावावर मागायचा आणि निर्णय घेताना समाजाला सांगायचंही नाही, हे बरोबर नाही.

मुंबईच्या ईस्ट इंडियन भावंडांकडे बघून तरी शहाणं व्हायला हवं. तेही आपल्यासारखेच इथले मूळचे, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे, १८८७ मध्ये त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चची शाळा १७८० ची, मान राखावा अशी जुनी. पण शिक्षण इंग्लिशमध्ये गेलं आणि दोन-तीन पिढ्यांत घरातली मराठी लग्नाच्या गाण्यांत आणि म्हाताऱ्या माणसांत उरली. आज त्यांच्यातलेच तरुण धडपडून ती बोली परत शिकवायचा प्रयत्न करतायत, रेकॉर्डिंग करतायत. जे हातातून गेलं ते परत आणणं किती कठीण असतं ते त्यांना विचारा. आपल्याकडे अजून मिस्सा मराठीत होते, गायन मंडळ मराठीत गातं, पण धर्मशिक्षणाच्या वर्गात पोरं मराठी प्रार्थना रोमन लिपीत लिहून पाठ करताना मी बघितलीयेत. दहा-पंधरा वर्षांनी वाचनाला उभं राहून देवनागरीतून पवित्र शास्त्र न अडखळता वाचणारी मुलं कुठून आणणार?

भाषेच्या बाबतीत चर्चचा स्वतःचा इतिहास दोन्ही बाजूंचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले, मराठी शिकले आणि १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. आणि त्याच गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं, आणि त्यामागे धर्मगुरूंचाही आग्रह होता. इकडे नगर जिल्ह्यातल्या केंदळला जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये 'निरोप्या' हे मासिक सुरू केलं, गावातल्या साध्या लोकांना मराठीत वाचायला मिळावं म्हणून. जर्मनीहून आलेल्या माणसाला जे कळलं ते आपल्याला आपल्याच गावात कळू नये?

मग करायचं काय? कुठल्याही धर्मग्रामात मराठीचा वर्ग बंद करायचा किंवा बालवाडी न उघडायचा विचार असेल तर आधी रविवारच्या मिस्सेनंतर सभा लावा, आळी-आळीतून लोकांना बोलवा, पाड्यावरच्या पालकांनाही बोलवा, ते ख्रिस्ती असोत नसोत, त्यांची मुलं आपल्या शाळेत आहेत. पट किती, पदं किती, खर्च किती, इंग्लिश सेक्शनची फी कुठं जाते, सगळे आकडे कागदावर लोकांपुढे ठेवा. मंडपावर, फटाक्यांवर, लायटिंगवर गाव जो पैसा काढतं त्यातला वाटा शाळेला मागा, गाव देईल, आपलं गाव असं आहे की चर्चच्या छपरासाठी मागितलं तर एका महिन्यात पैसे उभे राहतात. त्या पैशातून एक चांगला इंग्लिशचा शिक्षक, एक बालवाडीताई आणि पाड्यावरून मुलं आणायला एक गाडी, एवढं जरी झालं तरी दोन-तीन वर्षांत पट वर येतो की नाही बघा. जे माजी विद्यार्थी आज दुबईत, कॅनडात, मुंबईच्या बँकांत आहेत त्यांना स्नेहसंमेलनाला बोलावून नुसतं शाल-श्रीफळ देऊ नका, त्यांना वर्षाला एका शिक्षकाचं मानधन उचलायला सांगा.

आणि सगळं करूनही एखाद्या ठिकाणी मुलंच नाहीत, गावच रिकामं झालंय, असं दिसलं तर शेजारच्या दोन धर्मग्रामांच्या शाळा एकत्र करा, शिक्षक एकत्र करा, पण मराठीची एक भरलेली, धडधाकट शाळा जवळपास राहू द्या, जिथं पाड्यावरचं पोर पायी किंवा गाडीने पोचू शकेल. शाळांचे प्रवेश जूनच्या कितीतरी आधी ठरतात, फॉर्म डिसेंबर-जानेवारीतच वाटले जातात. त्यामुळे ही सभा पावसाळा संपल्या संपल्या व्हायला हवी, नाताळच्या तयारीत गाव गुंतायच्या आत. पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळावर, आपण निवडून दिलेली माणसं असतात, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय लेखी घालायला त्यांना आपणच सांगायचं आहे.